लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला: तिकीट स्वस्तात कसं बसतं



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. निलंग्यात बसून अमेरिकेच्या विमान तिकिटाची चर्चा कशाला, असंही कुणाला वाटेल. पण आमच्या बचत गटांच्या बैठकीत गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न वरचेवर निघतो आहे. लातूर पॅटर्ननं आपल्या भागातली पोरं-पोरी शिकवली. ती पुण्याला, हैदराबादला इंजिनिअर झाली आणि त्यांतली काही कंपनीकडून, काही पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेली. आता त्यांची लग्नं झाली, घरात पाळणा हलायची वेळ आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. तिकडे लेकीला एवढी रजा मिळत नाही आणि दिवस भरत आल्यावर एवढा प्रवास झेपत नाही. मग माहेरच उठून तिच्याकडे जातं. म्हणजे आई जाते.

तिकीट कोण काढतं? पुष्कळ घरांत जावईच काढतात आणि त्यात काही वावगं नाही. पण प्रत्येक आईला ते पटत नाही. आमच्या एका गटातल्या मावशी सरळ म्हणाल्या, “पोरीचं पहिलं बाळंतपण हाय. जावयाच्या पैशानं मी कशी जाऊ? मला गटातून कर्ज द्या.” त्यावर बैठकीत तासभर चर्चा झाली. आपण शेळीसाठी कर्ज देतो, पिठाच्या गिरणीसाठी देतो, दवाखान्याला, शाळेच्या फीला देतो. मग विमानाला द्यायचं का? दोघी-तिघी म्हणाल्या, ही चैन आहे. एक आजी म्हणाल्या, “बाळंतपण चैन कधीपासून झालं गं?” शेवटी असं ठरलं, की निम्मे पैसे मावशींनी आपल्या बचतीतून घालायचे, निम्मे गट देईल आणि तिकीट काढताना आम्ही समन्वयक शेजारी बसू. तेव्हापासून आम्ही अशा बऱ्याच घरांत मोबाईल घेऊन बसलो. त्यात जे कळलं ते आज सांगतो.

आधी भावाचं. एसटीचं निलंगा–लातूर तिकीट ठरलेलं असतं. आज काढा, आठवड्यानं काढा, भाव तोच. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला ते निम्म्या दरात मिळतं, तेही ठरलेलंच. विमानाचं तसं नाही. बाजारात भाजीवाली सकाळी वाटे लावते, चांगला मोठा वाटा दहाला, ते संपले की तसाच वाटा पंधराला, तसं समजा. विमानातल्या साध्या वर्गाच्या जागा कंपनी आठ-दहा वाट्यांत विभागते. सीट तीच, जेवण तेच, पण प्रत्येक वाट्याचा भाव आणि नियम वेगळे. स्वस्त वाट्यातल्या जागा संपल्या की पुढचा महाग वाटा उघडतो. म्हणून एकाच ओळीत शेजारी बसलेल्या दोन बायकांच्या तिकिटांत वीस-पंचवीस हजारांचा फरक असू शकतो. गिऱ्हाईक कमी दिसलं तर कंपनी स्वस्त वाटा पुन्हा उघडते, म्हणजे भाव खालीही येतो. “सारखं सारखं बघितलं की मोबाईल भाव वाढवतो” असं पुष्कळ जण सांगतात. मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त असतं, असंही सांगतात. आम्हाला त्यात तथ्य दिसलं नाही. तिकीट कुठल्या वारी काढलं यापेक्षा प्रवास कुठल्या वारी आहे याचा फरक पडतो. मंगळवार-बुधवारचं विमान शुक्रवार-शनिवारपेक्षा बहुधा स्वस्त.

त्याहून मोठा फरक महिन्याचा. मे-जूनमध्ये आपल्याकडून आई-वडील निघतात. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत विद्यार्थी निघतात, कारण तिकडची कॉलेजं ऑगस्टमध्ये सुरू होतात. हैदराबादहून तर त्या दिवसांत विमानं पोरांनी भरलेली असतात. डिसेंबरात नाताळ. या तिन्ही वेळा तिकीट पेटलेलं असतं. फेब्रुवारी-मार्च आणि दिवाळीचे दिवस सोडून सप्टेंबर ते नोव्हेंबर, हा त्या मानानं स्वस्त काळ. आम्ही जी तिकिटं बघितली त्यांत जाऊन-येऊन भाव स्वस्त काळात ऐंशी-नव्वद हजारांपासून सुरू होत होता आणि गर्दीच्या काळात दीड लाखाच्या पुढे जात होता. आता बाळ काही स्वस्त महिना बघून येत नाही, हे खरंच. पण येण्याचा महिना आपल्या हातात असतो. जून मध्यावर गेलेल्या आईनं परतीची तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धरली तर दोन्ही बाजूंनी महाग पडतं. तेच परतणं नोव्हेंबरच्या अखेरीस धरलं तर पुष्कळ फरक पडतो, शिवाय मुक्काम सहा महिन्यांच्या आत राहतो. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. नेमके किती ते तिथं उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो. व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणून दहा वर्षं राहता येतं, असा समज करून घेऊ नका.

भाव बघायला आम्ही गूगल फ्लाइट्स वापरतो. ते तिकीट विकत नाही, फक्त दाखवतं. त्यात कॅलेंडर उघडलं की प्रत्येक तारखेखाली भाव दिसतो. तारीख तीन दिवस मागं-पुढं सरकवली की किती वाचतात, ते डोळ्यांना दिसतं. भावाची सूचना चालू करून ठेवली की भाव बदलल्यावर ईमेल येतो. ज्यांना वाचायला जड जातं त्यांनी घरातल्या कॉलेजच्या पोराला हे काम द्यावं. नाहीतरी पोरं दिवसभर मोबाईलवरच असतात.

आता व्हिसा. व्हिसा हातात पडल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. अमेरिकेची वकिलातसुद्धा हेच सांगते. अर्जाची फी १८५ डॉलर आहे, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. त्यात तिकिटाचे पैसेही अडकले तर घर बसतं. आमच्या माहितीतल्या एका घराला एजंटानं सांगितलं, “आत्ता काढा, नंतर महागेल, मुलाखतीत तिकीट दाखवलं की व्हिसा लगेच देतात.” दोन्ही गोष्टी चुकीच्या. तिकीट दाखवल्यानं व्हिसा मिळत नाही. त्या घराचा व्हिसा पहिल्या खेपेला झाला नाही आणि तिकीट पैसे परत न मिळणाऱ्या वर्गातलं निघालं. अशा तिकिटातसुद्धा विमानतळाचे आणि सरकारी कर परत मिळायला हवेत, भारतात तसा नियम आहे. पण ते मागावे लागतात. त्या घरानं ते मागितले, तेवढेच आले.

मुंबई आणि हैदराबाद, दोन्हीकडे अमेरिकेची वकिलात आहे. मुलाखतीची तारीख मिळायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो. म्हणून लेकीनं गोड बातमी दिली की पासपोर्ट आणि व्हिसाचं काम लगेच सुरू करायचं. तिकिटाला दोन-चार महिने हातात मिळाले की बरं पडतं. शेवटच्या पंधरा दिवसांत स्वस्त वाटे बहुधा संपलेले असतात.

इथं आपल्या गटाचं गणित आलं, जे जावयांना आणि एजंटांना सांगता येत नाही. सगळे म्हणतात, लवकर काढा, स्वस्त पडेल. पण पैसे कर्जाचे असतील तर लवकर काढण्यालाही किंमत आहे. गटातलं कर्ज शेकडा दोन रुपये महिना व्याजानं असेल तर ऐंशी हजारांना महिन्याला १,६०० रुपये व्याज. प्रवासाच्या पाच महिने आधी काढलं काय आणि दोन महिने आधी काढलं काय, मधल्या तीन महिन्यांचं व्याज ४,८०० रुपये. लवकर काढून तेवढे वाचत नसतील तर घाई कशाला? मावशींचं तिकीट आम्ही सहा आठवडे नुसतं बघत होतो. भाव ९६ हजारांवरून ९१ वर आला, पुन्हा ९४ झाला, पुन्हा ९१. तेव्हा काढलं. अजून थांबलो असतो तर कदाचित ८८ ला मिळालं असतं, कदाचित एक लाखाला. सगळ्यात खालचा भाव कुणालाच सापडत नाही. घरानं आधीच आकडा ठरवावा, तो आला की काढावं आणि नंतर पुन्हा बघू नये. बघितलं की जीव जळतो, दुसरं काही होत नाही. दागिने गहाण ठेवून तिकीट काढणाऱ्यांनीही हाच हिशोब करावा.

आता वाट. अमेरिका म्हणजे अटलांटिक महासागर ओलांडायचा. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. एअर इंडियाचं विमान १४ मे १९६० ला मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला निघालं. त्या काळी भाडं कंपन्या आपसात ठरवायच्या, त्यात घासाघीस नव्हती. सामान्य माणसाला परवडेल असं भाडं पहिल्यांदा गाजलं ते १९७७ मध्ये. फ्रेडी लेकर नावाच्या इंग्रज गृहस्थानं लंडन–न्यूयॉर्क विमान ५९ पौंडांत सुरू केलं. लोक तिकिटासाठी रांगा लावून बसत. १९८२ मध्ये त्यांची कंपनी बुडाली, पण लंडन–न्यूयॉर्क मार्गावरची चढाओढ आजही संपलेली नाही.

ही गोष्ट सांगायचं कारण आहे. यूट्यूबवर व्हिडिओ फिरतात, “युरोप ते अमेरिका फक्त वीस हजारांत”. अशी तिकिटं कधीकधी खरंच असतात. मग पोरं हिशोब मांडतात, की हैदराबाद–पॅरिस एक तिकीट, पॅरिस–न्यूयॉर्क दुसरं, एवढे वाचले. कागदावर वाचतात. पण दोन वेगळी तिकिटं म्हणजे पॅरिसला सामान पट्ट्यावरून आपण घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा दुसऱ्या कंपनीकडे जमा करायचं. बाहेर यायला तिकडचा व्हिसा लागतो, तो नसेल तर हैदराबादलाच विमानात बसू देणार नाहीत. पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं तर दुसरी कंपनी म्हणणार, आमचा काय संबंध? वेगळं तिकीट आपल्या पैशानं. अशा स्वस्त कंपन्यांचा भरवसाही कमी. वॉव नावाची आइसलँडची कंपनी मार्च २०१९ मध्ये एका दिवसात बंद पडली आणि नॉर्वेजियननं २०२१ मध्ये ही लांबची विमानं थांबवली. इंग्रजी येणाऱ्या, एक पिशवी घेऊन फिरणाऱ्या पोरांसाठी ते ठीक. दोन बॅगा आणि गुडघेदुखी घेऊन निघालेल्या आईसाठी अजिबात नाही. आपल्याला निघण्यापासून पोचण्यापर्यंत एकच तिकीट हवं, एकाच पीएनआरवर. सामान इथं दिलं की थेट तिकडे मिळतं आणि मधलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनी करते.

एकाच तिकिटातसुद्धा थांबा कुठं आहे ते बघायचं. स्वस्त भावाच्या पोटात काही अडचणी लपलेल्या असतात. टोरांटो किंवा व्हँकुव्हरला विमान बदलायचं असेल तर आपल्या पासपोर्टला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, नुसतं विमानतळावर बसायचं असलं तरी. युरोपात दोन थांबे असतील, म्हणजे आधी फ्रँकफर्ट आणि मग लिस्बन, तर तोही युरोपात शिरल्यासारखा प्रवास होतो आणि त्याला व्हिसा लागतो. त्यामुळे युरोपमार्गे जायचं तर एकच थांबा. दोहा, दुबई, अबुधाबीला विमान बदलताना आतल्या आतच दुसऱ्या दारावर जायचं असतं, वेगळा व्हिसा लागत नाही. अबुधाबीचं एक वेगळेपण आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशनची तपासणी तिथंच होते, मग अमेरिकेत उतरल्यावर ती रांग नाही. पण त्या तपासणीला वेळ लागतो, म्हणून तिथं मधे तीन तास तरी हवेत. एकूणच थांबा अडीच-तीन तासांपेक्षा कमी नको आणि सहा-सात तासांपेक्षा जास्त नको. चौदा तासांच्या थांब्याचं तिकीट पाच हजारांनी स्वस्त असतं, पण चौदा तास लोखंडी खुर्चीवर बसून, दोन वेळचं महागडं खाऊन पोचलेली आई पुढचे चार दिवस लेकीला कामाची राहत नाही. उलट लेकीलाच तिची सेवा करावी लागते.

दिल्ली-मुंबईहून थेट विमानंही आहेत. मधे उतरायचं नाही हा मोठा आराम, पण भाडं बहुधा जास्त. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये आपल्या विमानांना त्यांचं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबून वळसा घ्यावा लागला आणि काहींना मधे तेल भरायला उतरावं लागलं. म्हणून “थेट” लिहिलेलं असलं तरी काढायच्या दिवशी वेळ किती दाखवतात, ते बघून घ्या.

आता आपल्या दारापासूनचा हिशोब. लातूर, नांदेड, बिदर, कलबुर्गी ही जवळची विमानतळं, पण अमेरिकेला जायला आपल्याला हैदराबाद किंवा मुंबईच. निलंग्याहून औराद, बिदर करत हैदराबाद चार-पाच तासांचं. मुंबई पाचशेवर किलोमीटर. मोबाईलवर मुंबईचं तिकीट सात हजारांनी स्वस्त दिसतं, तिथं थांबून जरा कागद-पेन घ्यायचं. आईला पोचवायला मुलगा किंवा काका जाणार, म्हणजे रेल्वेची दोन तिकिटं. सकाळी लातूरची रेल्वे मुंबईत पोचते आणि विमान रात्री किंवा पहाटेचं, म्हणजे दिवसभराचं लॉज, टॅक्सी, जेवण. सहा महिन्यांनी आणायला पुन्हा हेच. सात हजारांतले किती उरले? मुंबईत जवळचं नातलग असेल तर गोष्ट निराळी. आमचा अनुभव असा, की चार-पाच हजारांपर्यंत फरक असेल तर हैदराबादच बरं. एक मात्र करू नका. दिल्लीहून तिकीट स्वस्त आहे म्हणून हैदराबाद–दिल्ली वेगळं काढायचं आणि दिल्लीहून पुढचं वेगळं. ती पुन्हा दोन तिकिटांचीच भानगड. आणि एकाच तिकिटात मुंबई–हैदराबाद–अमेरिका असं लिहिलेलं असेल तर “आपण हैदराबादलाच चढू” असं चालत नाही. पहिला टप्पा सोडला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात.

बॅगांचं बघितल्याशिवाय भावाची तुलना करू नका. पूर्वी अमेरिकेच्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा सरसकट मिळायच्या. आता कंपन्यांनी एकाच वर्गाचे तीन-तीन प्रकार केलेत. सगळ्यात स्वस्तात एकच बॅग, कुठं कुठं तर एकही नाही. बाळंतपणाला निघालेली आई एका बॅगेत जाते का? डिंकाचे लाडू, बाळंतशोप, ओवा, काळं तिखट, बाळाची दुपटी, जावयाला आवडते म्हणून शेंगदाण्याची चटणी. वरची बॅग विमानतळावर घेतली तर स्वस्त तिकिटाचा फायदा तिथंच संपतो. एक ध्यानात ठेवा, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंच्या यादीत आहे, काढून टाकायला लावतात. हिरवा कढीपत्ता अमेरिकेत नेऊ देत नाहीत. खायचं काय आणलं विचारलं तर सरळ सांगायचं, लपवायचं नाही. न्यू जर्सी, डॅलससारख्या ठिकाणी भारतीय दुकानं भरपूर आहेत, खोबरं तिथं मिळतं.

तारीख बदलायची सोय हा या सगळ्यात आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. डॉक्टर तारीख देतात, बाळ ती पाळेलच असं नाही. सिझर झालं तर लेकीला जास्त दिवस लागतात. इकडे सासूबाई आजारी पडल्या तर लवकर यावं लागतं. सगळ्यात स्वस्त वाट्यातल्या तिकिटाला तारीख बदलता येत नाही किंवा बदलायचा दंड पंधरा-वीस हजार. त्याच्या वरच्या वाट्यात दंड कमी किंवा नाही. त्या दोन्हींत फरक चार-सहा हजारांचा असेल तर बाळंतपणाच्या प्रवासाला वरचा वाटा घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दंड नसला तरी नव्या तारखेच्या भाड्यातला फरक भरावा लागतो, हेही लक्षात असू द्या. जाण्याची तारीख डॉक्टरांच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीची धरतात. नवी जागा, उलटी झोप, थंडी, हे अंगवळणी पडायला आईलाही आठवडा लागतो.

आणि जाण्या-येण्याचं एकत्रच काढा. एकेरी तिकीट निम्म्या भावात मिळत नाही. पुष्कळ कंपन्यांत ते दुहेरीच्या जवळपास जातं. शिवाय परतीचं तिकीट हातात असलं की तिकडच्या अधिकाऱ्यालाही सांगायला सोपं, की मी अमुक दिवशी परत जाणार.

तिकीट कुठून काढायचं? भाव सगळीकडे बघा, पण काढताना शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढा. मधल्या विक्रेत्याकडे हजार-दोन हजार कमी दिसतात, पण तारीख बदलायची वेळ आली की कंपनी म्हणते विक्रेत्याला विचारा आणि विक्रेता फोन उचलत नाही. शिवाय त्याची स्वतःची फी वेगळी. लेक तिकडून कंपनीच्या अमेरिकन साइटवर काढत असेल तर एक फायदा असतो. प्रवासाला सात दिवस किंवा जास्त बाकी असताना काढलेलं तिकीट चोवीस तासांच्या आत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत द्यावेत, किंवा तो भाव चोवीस तास राखून ठेवावा, असा अमेरिकेचा नियम आहे. नावात चूक झाली तर ती याच वेळात दिसते.

नावाचं तर विशेष. आपल्या बायकांची नावं आधारला एक, बँकेत दुसरं, पासपोर्टला तिसरं. कुठं बाई, कुठं नुसतं नाव, कुठं लग्नाआधीचं आडनाव. तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, एकेक अक्षर. पासपोर्टावर आडनावाची जागा कोरी असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन करून विचारायचं, अंदाजानं काही भरायचं नाही.

एजंटाकडून काढलं तर पैसे दिल्यावर नुसता कागद घेऊन घरी येऊ नका. कागदावर सहा अक्षरांचा पीएनआर असतो. पीएनआर असला म्हणजे तिकीट झालं असं नाही, नुसती जागा धरून ठेवलेली असू शकते, दोन दिवसांनी ती सुटते. तेरा आकडी तिकीट नंबर आला तरच पैसे कंपनीकडे पोचले. तिथंच उभं राहून कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बघायचं. तिकीट खरं असेल तर नाव, तारीख, बॅगा सगळं दिसतं. एजंटाला राग आला तर येऊ दे. लाखभर रुपये देणारी आपण आहोत.

एकट्या जाणाऱ्या आईची सगळ्यांना धास्ती असते. चालायला त्रास असेल तर तिकिटासोबतच व्हीलचेअर मागून ठेवा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. थांब्याच्या विमानतळावर माणूस येऊन पुढच्या विमानापर्यंत नेतो. ज्यांना चांगलं चालता येतं, फक्त भाषेची भीती आहे, त्यांनी मात्र दुसरा मार्ग बघावा, कारण खरोखर अडलेल्यांना खुर्च्या कमी पडतात. उदगीर, लातूर, अहमदपूरहून त्याच आठवड्यात कुणीतरी आई निघालेली असतेच. लेकी तिकडे एकमेकींना ओळखतात, त्यांनी ठरवून दोघींना एकाच विमानाचं तिकीट काढावं. सोबतीसाठी दोन हजार जास्त गेले तरी चालतील. पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवायची. एका बाजूला इंग्रजीत लेकीचं नाव, पत्ता, फोन, पुढच्या विमानाचा नंबर. दुसऱ्या बाजूला तेच मराठीत, म्हणजे आपण कुठलं दाखवतोय ते आपल्यालाही कळतं. प्रवासी विमा वेगळा घ्यावा लागतो, तिकडचा दवाखाना आपल्या ऐपतीबाहेरचा आहे. त्यावर पुढच्या वेळी बोलू.

ज्यांच्या घरी हे काम निघालंय त्यांनी शनिवारी गटाच्या बैठकीनंतर थांबावं. पासपोर्ट आणि व्हिसाचं पान सोबत आणा. येताना लेकीला फोन करून तिच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख विचारून या. ती तारीख वहीत लिहिली की मग पुढचं कॅलेंडर उघडू.